अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा फोनवरचा अभ्यास : आठवीच्या एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातील मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवीला इतिहास आणि विज्ञान शिकवते. टाळेबंदी संपल्यानंतरही आमच्याकडे टिपणे, व्हिडिओ आणि दर शनिवारची चाचणी फोनवरच दिली जाते. वर्गातील तीन मुले तोंडी विचारले तर बरोबर सांगतात, पण पाठवलेली पीडीएफ उघडत नाहीत आणि चाचणी कोरी पाठवतात. एकाकडे अध्ययन अक्षमतेचे (वाचणे, लिहिणे किंवा आकडेमोड यांत कायम येणाऱ्या अडचणीचे) प्रमाणपत्र आहे, दोघांकडे नाही. या मुलांसाठी कोणते ॲप घ्यावे?

उत्तर : आपल्या प्रश्नात ‘तोंडी विचारले तर बरोबर सांगतात’ असे एक वाक्य आहे आणि माझे सगळे उत्तर त्या वाक्यावर उभे आहे. या मुलांना इतिहास समजतो, पण अक्षरांच्या वाटेने तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्यांचे उत्तरही त्या वाटेने आपल्यापर्यंत येत नाही. वर्गात हे फारसे जाणवत नाही, कारण तिथे आपला आवाज असतो, फळ्यावरची आकृती असते, शेजारच्या बाकावरचा मित्र पान काढून देतो. तोच धडा फोनवर गेला की ही सगळी मदत एकदम नाहीशी होते आणि पावलोपावली वाचन आडवे येते. आधी गटावरच्या चाळीस संदेशांतून आपली सूचना शोधून वाचायची, मग नेमकी लिंक ओळखायची, मग टिपण वाचायचे, मग प्रश्न वाचायचे आणि शेवटी उत्तर टाइप करायचे. सोलापुरात विशेष शिक्षिका म्हणून गेली बावीस वर्षे काम करताना मी एकच कसोटी लावत आले आहे : त्या तासाचा विषय वाचन किंवा लेखन नसेल, तर तिथून वाचता-लिहिता येण्याची अट काढून टाकायची. इतिहासाच्या चाचणीत इतिहास तपासायचा, विज्ञानाच्या चाचणीत विज्ञान. एवढे ठरवले की ॲपचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण लागणारी साधने बहुतेक फोनमध्ये आधीपासूनच असतात.

सुरुवात आपल्या पीडीएफपासून करते, कारण मराठी शाळांत सर्वांत मोठा अडथळा तिथे असतो आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. आजच एक प्रयोग करून पाहावा. आपण पाठवलेली पीडीएफ फोनवर उघडा, एखाद्या वाक्यावर बोट दाबून धरा, ते वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सॲपच्या एखाद्या कोऱ्या संदेशात चिकटवा. वाक्य निवडलेच गेले नाही, तर ती पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो आहे. निवडले गेले पण चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसला, तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला संगणकीय क्रमांक देणारी युनिकोड पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. हे फॉन्ट पडद्यावर आणि कागदावर मराठी दाखवतात, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. तिसरा प्रकार फसवा आहे. मराठी उमटते, पण वेलांट्या आणि जोडाक्षरे इकडची तिकडे झालेली असतात. मजकूर युनिकोडमध्ये असूनही पीडीएफ बनताना देवनागरीचा अंतर्गत क्रम बिघडतो, तेव्हा असे होते. या तिन्ही प्रकारांत डोळ्यांना पान नीटनेटके दिसते आणि मजकूर वाचून दाखवणारे फोनमधील साधन मात्र मुके राहते किंवा भलतेच काही बोलते. ज्या मुलाची सगळी भिस्त ऐकण्यावर आहे, त्याच्या दृष्टीने आपण कोरे पान पाठवलेले असते.

हे मी अनुभवाने शिकले. २०२०च्या टाळेबंदीत मी टिपणे शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात लिहून त्यांचे फोटो पाठवत असे आणि मुलांना आपले ओळखीचे हस्ताक्षर दिसते आहे याचे मला समाधान वाटत असे. सातवीतल्या एका मुलीने दोन आठवड्यांनी फोन करून सांगितले, “बाई, मोठ्या बाईंचं पान फोन वाचतो, तुमचं नाही वाचत.” मुख्याध्यापिका सूचना थेट संदेशात टाइप करत होत्या, एवढाच काय तो फरक होता. त्या दिवसापासून मी टिपणे युनिकोडमध्ये टाइप करून साध्या संदेशाच्या किंवा गूगल डॉक्सच्या स्वरूपात पाठवते आणि पीडीएफ फक्त ज्यांना छापून हवी असेल त्यांच्यासाठी ठेवते. आपल्याकडे जुनी टिपणे असतील तर ती पुन्हा टाइप करण्याची गरज नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी रूपांतरके उपलब्ध आहेत, छापील पानाच्या फोटोतील देवनागरी मजकूर गूगल लेन्स ओळखते आणि पूर्ण पान टाइप करण्यापेक्षा मराठीत बोलून टाइप करणे पुष्कळ जलद होते. मात्र अशा मजकुरावरून एकदा नजर फिरवायलाच हवी. रूपांतरात राहिलेली एक चूक चांगला वाचणारा विद्यार्थी सहज ओलांडतो, पण जे मूल प्रत्येक शब्द जुळवून वाचते ते तिथेच अडकते.

मजकूर दिसावा कसा, याचेही आपल्या लिपीपुरते काही वेगळे नियम आहेत आणि इंग्रजीसाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. देवनागरीत डोळ्यांना दिसणारा क्रम आणि कानांना ऐकू येणारा क्रम पुष्कळदा वेगळा असतो. ‘किरण’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार ‘क’नंतर होतो. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’चा उच्चार ‘य’च्या आधी होतो, पण रफार बसतो ‘य’च्या डोक्यावर. ‘प्रकाश’, ‘सूर्य’, ‘राष्ट्र’ आणि ‘सुऱ्या’ या चार शब्दांत एकच ‘र’ चार वेगवेगळ्या वेषांत येतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांमध्ये एखाद्या बारीक रेषेचा किंवा गाठीचा फरक असतो. आपल्यासारख्या सरावलेल्या वाचकाला हे जाणवत नाही, पण वाचन-अक्षमता असलेल्या मुलाची अर्धी शक्ती या उलगड्यातच खर्ची पडते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. म्हणून अक्षर मोठे, ठळक वळणाचे आणि साधे असावे. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ या नावांचे विनामूल्य फॉन्ट माझ्या मुलांना सोयीचे वाटतात. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, तर पाठ्यपुस्तकात मूल मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ पाहत असते, तेव्हा टिपणाचा फॉन्ट निवडताना ही दोन अक्षरे आधी पाहावीत. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ ओढू नये, कारण ती रेघ उकार आणि ऋकार कापत जाते, आणि ‘कुल’ व ‘कूल’ यांतला फरकच पुसला जातो. अक्षरे तिरकी करण्याची पद्धत देवनागरीची नव्हेच. जोर द्यायचा असेल तर शब्द ठळक करावा. दोन्ही कडा सारख्या करण्याचा मोहही टाळावा, कारण मराठी शब्द सामासिक आणि लांब असतात, त्यामुळे ओळीत मोठमोठी भगदाडे पडतात आणि नजर पुढच्या शब्दावर न जाता खालच्या ओळीत उतरते. डावी कड सरळ, उजवी मोकळी, ओळींत दीडपट अंतर आणि परिच्छेद चार-पाच ओळींचा, एवढे पुरते. वेबसाइटच्या सुगम्यतेसाठी, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठी, जगभर मानले जाणारे डब्ल्यूसीएजी हे निकष मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उठाव (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा असे सांगतात. व्यवहारात याचा अर्थ असा की पोपटी रंगावर पिवळी अक्षरे आणि फुलापानांच्या चित्रावर सुविचारासारखा छापलेला गृहपाठ बंद करावा. डिस्लेक्सियासाठी (वाचन-अक्षमतेसाठी) म्हणून बनवलेल्या खास फॉन्टविषयी पालक नेहमी विचारतात. त्यांचा ठोस फायदा संशोधनात दिसलेला नाही आणि ते मुळात रोमन लिपीसाठी घडवलेले आहेत, त्यामुळे त्यामागे वेळ घालवू नये.

मजकूर खरा मजकूर झाला की तो ऐकवण्याची सोय करावी. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधील ॲक्सेसिबिलिटी या भागात ‘सिलेक्ट टू स्पीक’ नावाची सोय असते. ती चालू केली की मजकुरावर बोट ठेवून तो ऐकता येतो. त्याआधी फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीच सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घेणे आवश्यक आहे, नाहीतर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो, ‘ळ’ चुकतो आणि मूल ऐकणेही सोडून देते. संगणक असेल तर मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरमधील वाचून दाखवण्याची सोय वापरावी. त्यात मराठी आवाज आहेत आणि वाचला जाणारा शब्द पडद्यावर उजळत जातो. हे उजळणे मला फार मोलाचे वाटते, कारण कान आणि डोळे एकाच वेळी एकाच शब्दावर राहतात, वेलांटीचा आणि रफाराचा वर सांगितलेला गोंधळ ऐकता ऐकता सुटत जातो आणि मूल नकळत वाचनाचाही सराव करते. ही सोय पहिल्या दिवशी मुलाच्या शेजारी बसून, त्याच्याच फोनवर चालू करून द्यावी. सूचना लिहून पाठवल्या तर ज्याला वाचता येत नाही त्यालाच आपण वाचायला लावतो.

तरीही यंत्राच्या आवाजापेक्षा मुलांना आपला आवाज आवडतो आणि तो देणे अवघड नाही. दोन ते तीन मिनिटांचा एक तुकडा, सुरुवातीला धड्याचे नाव आणि पुस्तकातील पान, मग एकच मुद्दा, असे चार-पाच तुकडे एका धड्यासाठी पुरतात. अर्ध्या तासाचे सलग ध्वनिमुद्रण करू नये, कारण हवी ती जागा शोधणे हीसुद्धा एक वाचनासारखीच कसरत होते. आपल्या पूर्व भागाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगते. ज्या घरात किंवा घराला लागून यंत्रमाग चालतो, तिथे दिवसा काहीही ऐकू येत नाही. अशा मुलाला साधे इअरफोन मिळवून द्यावेत आणि ऐकण्याचा अभ्यास माग बंद असण्याच्या वेळेत ठेवावा. एका घरात आम्ही वीज जाण्याच्या वेळाच अभ्यासाच्या वेळा म्हणून ठरवल्या होत्या, कारण फोन आदल्या रात्री भरलेला असे आणि घर शांत असे.

याच भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड, आणि मूल मराठी माध्यमात शिकते. अशा मुलाला मराठी शब्द माहीत नसणे आणि माहीत असलेला शब्दही वाचता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी साधे ताडून पाहते. मुलाला परिच्छेद मराठीत वाचून दाखवायचा आणि प्रश्न विचारायचे. ऐकून समजत असेल आणि वाचून समजत नसेल, तर अडचण अक्षरांत असण्याची शक्यता जास्त. ऐकूनही समजत नसेल, तर तोच आशय घरच्या भाषेत सांगून पाहायचा, आणि मग समजले तर मुलाला मराठीची शब्दसंपत्ती हवी आहे. दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात, पण उपाय वेगळे आहेत. अशा घरांसाठी मी धड्याचा गाभा सांगणारा एक छोटा संदेश तेलुगूत ध्वनिमुद्रित करून घेते. वर्गातल्या एखाद्या मुलीची मोठी अक्का ते काम आनंदाने करते आणि तो संदेश विड्या वळता वळता आईही ऐकते, म्हणजे घरात धड्याविषयी बोलायला कुणीतरी तयार होते.

आपण विज्ञान शिकवता, म्हणून आकड्यांविषयी थोडे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतात आणि लिहिताना आधी दोन लिहावे लागतात. ‘एकोणतीस’मध्ये तर कानावर तीस पडतात आणि लिहायचे असतात २९. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी मांडणी आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात काहीही म्हटले गेले असो, गणन-अक्षमता असलेल्या मुलांच्या दृष्टीने त्यामागची अडचण खरी आहे, हे मी रोज पाहते. व्हिडिओत किंवा ध्वनिमुद्रणात संख्या सांगताना ‘सत्तेचाळीस, म्हणजे चार सात’ असे दोनदा म्हणावे आणि त्याच वेळी ती पडद्यावर दाखवावी. ‘६’ आणि ‘९’ यांचीही अदलाबदल होते, तेव्हा छोट्या अक्षरातील कोष्टकांचे फोटो पाठवण्याऐवजी एका वेळी एक ओळ द्यावी. विज्ञानाच्या उदाहरणात सूत्र आणि पाढे समोर ठेवू द्यावेत. घनतेची संकल्पना तपासताना सातचा पाढा तपासण्याचे कारण नाही.

आता शनिवारची चाचणी. कोरी चाचणी हा आळस आहे असे समजू नये. माझ्या अनुभवात कोरे पाठवणे हा बहुतेकदा मुलाने स्वतःची लाज वाचवण्याचा मार्ग असतो, कारण चुकीचे लिहिलेले सर्वांना दिसते आणि न लिहिलेले ‘केले नाही’ या सदरात जाते. चाचणीत मी सर्वांत आधी वेळेची मर्यादा काढते. केंद्र सरकारने २०१८ साली लेखी परीक्षांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्यास सांगितले आहे. ज्या मुलाला मोठ्या परीक्षेत जादा वेळ मिळायला हवा, त्याला दर शनिवारी दहा मिनिटांच्या घड्याळापुढे बसवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय आपल्याकडे फोन बहुतेकदा वडिलांचा असतो आणि तो त्यांची पाळी सुटल्यावर घरी येतो. म्हणून चाचणी शनिवारी सकाळी उघडावी आणि रविवारी रात्री बंद करावी, सर्वांसाठी. वेगाचे मोजमाप करणे हा आपल्या विषयाचा हेतू नाही, तेव्हा जलद वाचणाऱ्या मुलांचेही त्यात काही नुकसान होत नाही.

दुसरी गोष्ट गुणांकनाची. गूगल फॉर्ममध्ये लघुत्तरी प्रश्नाचे उत्तर आपोआप तपासायला लावले, तर आपण दिलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर जुळले तरच ते बरोबर धरले जाते. मुलाने ‘सिंधु’ लिहिले आणि आपण ‘सिंधू’ भरले असेल, तर शून्य. आठवीच्या एका मुलाची अशी चाचणी मी हाताने पुन्हा तपासली, तेव्हा यंत्राने चूक ठरवलेल्या सहा उत्तरांपैकी पाच आशयाने बरोबर होती आणि तो मुलगा तोवर आपल्याला इतिहास येत नाही असे ठामपणे सांगू लागला होता. लघुत्तरे हाताने तपासावीत किंवा ऱ्हस्व-दीर्घाची सर्व रूपे आधी भरून ठेवावीत. शुद्धलेखनाचे गुण मराठीच्या तासाला जरूर घ्यावेत. तिसरी गोष्ट प्रश्नाच्या भाषेची. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही ते ओळखा’ यात मुलाला दोन नकार डोक्यात धरून चार विधाने वाचावी लागतात. ‘योग्य विधान निवडा’ एवढे पुरे. एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवावा, पर्याय तीन असले तरी चालतात, आणि प्रश्न चित्र म्हणून चिकटवू नये, कारण चित्रातला मजकूर वाचून दाखवणे फोनमधील साधनाला सहसा जमत नाही.

उत्तर कोणत्या स्वरूपात यावे, याविषयी शिक्षकांशी माझी सर्वाधिक चर्चा होते. लेखन-अक्षमता असलेल्या मुलाचे डोके पुढे धावते आणि हात मागे राहतो. त्याला तीन ओळी टाइप करायला अर्धा तास लागतो आणि त्या तीन ओळी त्याला जे माहीत आहे त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. अशा मुलाने दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवावा, कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे आणि फोनने ते लिहावे, किंवा आकृती काढून तिचा फोटो पाठवून वर बोलून समजावावे. घरचे कुणी मागून सांगत असेल, ही शंका शिक्षक हमखास काढतात आणि ती रास्तही आहे, पण ती टाइप केलेल्या उत्तरालाही तितकीच लागू आहे. मी आठवड्यातून एका मुलाला फोन लावून त्याच उत्तरावर दोन प्रश्न विचारते, तेवढ्यात खरे-खोटे कळते. मात्र बोलून उत्तर देण्याची सवलत मिळाली म्हणून लेखनाचा आणि वाचनाचा सराव थांबवू नये. तो वेगळ्या वेळी, छोट्या प्रमाणात, मुलाला झेपेल त्या पातळीवर आणि रोज व्हावा. सुगम साहित्य त्या सरावाची जागा घेत नाही. सराव चालू असताना इतर विषय मागे पडू नयेत, एवढेच काम ते करते.

व्हिडिओविषयी थोडक्यात : पाच-सहा मिनिटांचा असावा, पडद्यावर लिहिलेले सगळे बोलूनही दाखवावे, बोलण्यामागे संगीत नसावे, आणि मुलांना गती कमी करून पाहण्याचे बटण एकदा दाखवून द्यावे. थेट तासाला मुलाला अचानक वाचायला उभे करू नये. वाचायचाच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवावा.

साहित्यापर्यंत पोहोचण्याची वाटही तपासावी. पासवर्ड लक्षात ठेवून टाइप करणे ही या मुलांसाठी स्वतंत्र परीक्षा असते, आणि डब्ल्यूसीएजीच्या २०२३च्या आवृत्तीत प्रवेशासाठी अशी स्मरणपरीक्षा टाळण्याचा निकष मुद्दाम घातला आहे. शक्य तिथे लॉगिन नकोच. आपल्या जिल्ह्यातच याचे उत्तम उदाहरण आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्यांच्या कामाची चर्चा तंत्रज्ञान म्हणून झाली, पण माझ्या कामासाठी त्यातली साधी गोष्ट महत्त्वाची आहे : मुलाला काहीही न वाचता, न टाइप करता धड्यापर्यंत जाता येते. आपल्या ध्वनितुकड्यांचे कोड छापून मुलांच्या पुस्तकात त्या त्या पानावर चिकटवले, तर गटावरचा शोध संपतो.

हे सगळे साहित्य संपूर्ण वर्गाला द्यावे. तीन मुलांचा वेगळा गट करू नये आणि कुणाकडे प्रमाणपत्र आहे याचा उल्लेख सामायिक गटावर कधीही करू नये, कारण आठवीच्या वयात त्या एका संदेशाने वर्षभराची मेहनत वाया जाते. ध्वनितुकडे सर्वांना मिळाले की त्याचा उपयोग गावी गेलेल्या, आजारी पडलेल्या आणि रात्री भावंडे सांभाळत अभ्यास करणाऱ्या मुलांनाही होतो, आणि ऐकून शिकणे ही कुणा एकाची खूण राहत नाही.

पाठ्यपुस्तकाचा धडा आपल्या आवाजात मुद्रित करण्यास कायद्याची आडकाठी आहे का, असे शिक्षक विचारतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी विना-नफा सुगम प्रत तयार करता येते. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातही अशी पुस्तके मिळतात. प्रमाणपत्र असलेल्या मुलाची तिथे नोंदणी करून घ्यावी.

राहिली प्रमाणपत्र नसलेली दोन मुले. १९९५च्या जुन्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेशच नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तो झाला. या कायद्याच्या कलम १६मध्ये अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून अध्यापनाचे योग्य उपाय योजणे हे शिक्षणसंस्थेचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. म्हणजे परीक्षेतील सवलतींसाठी प्रमाणपत्र लागत असले, तरी मजकूर युनिकोडमध्ये देणे, धडा ऐकवणे, वेळेची मर्यादा काढणे यांपैकी एकाही गोष्टीसाठी आपल्याला कुणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. ते आपण या आठवड्यात सुरू करावे आणि समांतरपणे तपासणीची तयारी करावी, कारण दहावीच्या सवलतींसाठीचे कागद नववीच्या अखेरीस गोळा करू लागलेल्या पालकांची फार धावपळ होते. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. पालकांशी बोलताना ‘मुलगा मागे आहे’ असे म्हणू नये, त्याने तोंडी दिलेले एखादे चांगले उत्तर त्यांना ऐकवावे आणि मग वही दाखवावी. दोन्हींतले अंतर ते स्वतःच पाहतात आणि पुढचे बोलणे सोपे होते. त्यानंतर आपल्या तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवावे. तपासणीला जाताना मुलाच्या या वर्षीच्या आणि दोन वर्षांपूर्वीच्या अशा दोन वह्या, आपण न सुधारलेले एखादे पान, एकाच धड्यावर त्याने लिहून दिलेले उत्तर आणि त्याच धड्यावरचा त्याचा दोन मिनिटांचा आवाजी संदेश बरोबर न्यावा.